पैसे वसूल, पण कुणाचे?

परवा आमच्याकडे लाईटबिलावरून महाभारत झालं. उन्हाळ्याचं बिल, त्यामुळे आकडा बघून यजमानांचा आवाज आपोआप वर गेला. मग नेहमीची उलटतपासणी. गीझर कुणी चालू ठेवला? हॉलमधला पंखा रिकाम्या खोलीत का फिरत होता? आमचे चिरंजीव अलीकडेच नोकरीला लागलेत. त्यांनी बिलाची पाठकोरी बाजू घेतली, पेन काढलं आणि पंख्यांचा हिशेब मांडला. जुना पंखा सुमारे ७५ वॉट खातो, नवीन बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. फरक ४५ वॉटचा. हॉलचा पंखा दिवसाचे चौदा तास चालतो, वर्षातले दहा महिने. म्हणजे १९० युनिट वाचतात. युनिटला सरासरी आठ रुपये धरले तर वर्षाला पंधराशे. नवा पंखा तीन हजारांचा. "बाबा, दोन वर्षांत पैसे वसूल! तिसऱ्या वर्षापासून पंखा फुकट!"

यजमानांनी लगेच मान डोलावली. तीन हजारांच्या तीन पंख्यांची ऑर्डर जेवण व्हायच्या आत गेलीसुद्धा.

मी मात्र ताटं उचलताना एक जुनी गोष्ट आठवत होते. आमच्याकडे वॉशिंग मशीन यायला लग्नानंतर नऊ वर्षं लागली होती. नऊ! तेव्हा कुणी पाठकोरा कागद काढला नव्हता. "धुणं तर होतंय की" एवढ्या एका वाक्यावर तो विषय दर दिवाळीला संपायचा. धुणं होत होतं हे खरंच. पण ते मी करत होते.

मैत्रिणींनो, 'स्वतःची किंमत स्वतः फेडणारी वस्तू' हा सध्या घरोघरी गाजणारा विषय आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राने छतावरच्या सोलरसाठी 'पीएम सूर्यघर' योजना आणली. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, एसीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, सोलर उपकरणांवरचा आणि स्वयंपाकाच्या भांड्यांवरचा १२ वरून ५ वर आला. दुकानदारही आता मिक्सरचे वॉट सांगण्याऐवजी "मॅडम, दोन वर्षांत पैसे वसूल" असंच सांगतात. म्हणून म्हटलं, हा वसुलीचा हिशेब आपणही एकदा नीट मांडून बघूया. कारण त्यात काही गोष्टी फार हुशारीने मोजल्या जातात आणि काही अजिबात मोजल्याच जात नाहीत.

आधी जे मोजलं जातं त्याबद्दल. पोराचा हिशेब चुकीचा नव्हता, पण अर्धवट होता. वसुली वस्तूवर अवलंबून नसते, ती किती तास वापरता यावर असते. हॉलचा पंखा चौदा तास चालतो, ठीक. पण त्याने उत्साहाच्या भरात पाहुण्यांच्या खोलीतलाही पंखा बदलला. तो चालतो सरासरी दोन तास. तिथे वर्षाला २७ युनिट वाचणार, म्हणजे दोनशे सोळा रुपये. तीन हजार वसूल व्हायला चौदा वर्षं! तोवर पाहुणे तरी येत राहतील का, देव जाणे. तेव्हा चालू पंखा उगाच काढून फेकू नका. जो खराब झालाय, किंवा जो सगळ्यात जास्त फिरतो, तो आधी बदला. नवा घ्यायचाच असेल तर साधा पंखाही पंधरा-सोळाशेला येतो. मग हिशेब वरच्या चौदाशे रुपयांचाच उरतो, आणि ते जास्त चालणाऱ्या खोलीत वर्षभरात निघतात. छतावरच्या पंख्यांना १ जानेवारी २०२३ पासून स्टार लेबल सक्तीचं झालं आहे, ते बघून घ्या.

दुसरी गंमत स्लॅबची. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटना एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०० च्या पुढे आणखी चढा. त्यामुळे वाचलेलं युनिट नेहमी वरचं, म्हणजे महागातलं असतं. एकूण बिलाला एकूण युनिटनी भागून जी सरासरी येते, तिच्यापेक्षा खरी बचत जास्त असते. उलट ज्यांचं बिल ८० युनिटच्या आतच आहे, त्यांचं वाचलेलं युनिट स्वस्तातलं. तीच वस्तू, तेवढेच तास, पण छोट्या बिलवालीला वसुलीला जास्त वर्षं लागतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता फसवी वसुली. बाजारात एक छोटा डबा मिळतो, प्लगमध्ये खोचायचा, हिरवा दिवा लागतो आणि म्हणे बिल तीस टक्के कमी! शेजारच्या वहिनींनी घेतला होता. आपल्या घरातला मीटर जी वीज मोजतो, तिच्यात या डब्याने काहीच फरक पडत नाही. दिव्याची वीज मात्र खर्च होते. दुसरी घरघंटी. मला स्वतःला फार हौस होती. महिन्याचं वीस किलो दळण, किलोला सहा रुपये, म्हणजे एकशे वीस. वर्षाला १४४०. घरघंटी सोळा हजारांची, वसुलीला अकरा वर्षं, वर वीज वेगळी. घरच्या ताज्या पिठासाठी घ्या, पण बचतीसाठी म्हणून घेऊ नका. मात्र काही जिल्हा परिषदा महिलांना अनुदानावर घरघंटी देतात, आणि गावाकडे ज्या बायका शेजारपाजारचं दळण घेतात त्यांचा हिशेब पूर्ण निराळा. तिथे ती बचतीची वस्तू राहत नाही, कमाईची होते.

आणि हप्ते. 'नो कॉस्ट ईएमआय' नावाचा प्रकार. बँकांनी शून्य टक्के व्याजाच्या नावाखाली ग्राहकांची दिशाभूल करू नये असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बजावलं होतं. आता नाव बदललं आहे. रोख घेतली असती तर मिळाली असती ती सूट बऱ्याचदा जाते, वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर जीएसटी. वसुलीची वर्षं मोजताना हे पैसे मिळवायला विसरू नका.

हे झालं रुपयांचं. आता जे मोजलं जात नाही त्याच्याकडे येते.

केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या, घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घरच्यांसाठी बिनपगारी काम करतात. घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. २८९ मिनिटं म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. हे मोजून झालं, सरकारी कागदावर छापून आलं. पण घरातली कुठली वस्तू घ्यायची हे ठरवताना या मिनिटांना कुणी किंमत लावतं का?

माझ्या वॉशिंग मशीनचंच घ्या. वीज आणि पाणी धरलं तर मशीनने रुपये वाचत नाहीत, उलट थोडे जातातच. म्हणून ते 'चैनी'च्या यादीत. पण रोजचा तास धुण्याचा, वर्षाचे तीनशे तास. माझ्या तासाची किंमत अगदी पन्नास रुपये धरली तरी पंधरा हजार होतात. अठरा हजारांचं मशीन सव्वा वर्षात वसूल! पंख्यापेक्षा लवकर. फक्त ही वसुली कुणाच्या पाकिटात दिसत नाही. लाईटबिल यजमानांच्या खात्यातून जातं, त्यामुळे पंख्याची बचत त्यांना दिसते. माझा तास कुठल्याच खात्यातून जात नाही. (ज्यांच्याकडे धुण्याला बाई येते तिथे मशीन आल्यावर तिचे महिन्याचे पैसे वाचतात. ते वाचलेले पैसे म्हणजे तिचा गेलेला पगार असतो. तेही हिशेबात धरायला हवं, पण ते कुठल्या रकान्यात लिहायचं हे मला अजून कळलेलं नाही.)

सासूबाईंच्या काळातही हेच होतं. आमच्या घरात प्रेशर कुकर माझ्या सासूबाईंनी स्वतःच्या भिशीतून आणला. घरातल्या पुरुषांचं म्हणणं, पातेल्यात भात शिजतोय ना? पुढे गॅस जास्त दिवस पुरायला लागल्यावर तेच सगळ्यांना कौतुकाने सांगायचे, "आमच्याकडे सिलेंडर चाळीस दिवस जातो." कुकर कुणी आणला हे सांगायचं मात्र राहून जायचं.

सोलरकडे वळू. योजना चांगली आहे, मी विरोधात नाही. एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्यापुढे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान. आपल्याकडच्या उन्हात एका किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिट धरायला हरकत नाही. तीन किलोवॉट म्हणजे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. ज्या घरात तेवढी वीज लागते, तिथे अनुदान वजा जाता घातलेले लाख-सव्वा लाख चारेक वर्षांत निघतात आणि पॅनेल त्यानंतरही वीसेक वर्षं चालतात. एवढी चांगली वसुली बँकेच्या ठेवीतही नाही.

पण कुणाला? ज्याचं बिल मोठं, त्याला. ज्याच्याकडे आधी लाख रुपये आहेत किंवा बँक कर्ज देते, त्याला. आणि मुख्य म्हणजे ज्याच्या नावावर छत आहे, त्याला. आपल्याकडे घरं कुणाच्या नावावर असतात हे मी सांगायला नको. बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत महाराष्ट्राने २०२१ मध्ये दिली, ती याचसाठी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना स्वतःचं छत नसतं, तिथे सोसायटीला सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८ हजार अनुदान मिळतं. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे त्यावर चालू शकतात. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला तुम्हीच जा. नाहीतर हा विषय पार्किंगच्या भांडणात वाहून जाईल, आमच्याकडे दोनदा गेला.

या सगळ्यात मला एक जुनी योजना फार शहाणी वाटते. २०१५ च्या जानेवारीत 'उजाला' नावाने एलईडी बल्बची योजना सुरू झाली. साध्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बच्या जागी नऊ वॉटचा एलईडी. रोज सहा तास लावला तर वर्षाला शंभरच्या वर युनिट वाचतात. सरकारने इतके बल्ब एकदम विकत घेतले, की २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांना पडायला लागला. आणि सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी, आपल्या महाराष्ट्रातसुद्धा, तो हप्त्याने मिळाला. दहा रुपये आत्ता द्या, बाकीचे लाईटबिलातून जातील. म्हणजे बल्ब जे वाचवत होता, त्यातूनच त्याची किंमत फिटत होती. हीच खरी 'स्वतःची किंमत स्वतः फेडणारी वस्तू'! आधी खिशात पैसे असायची गरजच नव्हती. आज वाड्यावस्त्यांवरसुद्धा पिवळा बल्ब शोधावा लागतो, त्यात या हप्त्यांचाही वाटा आहे असं माझं मत.

मग पंख्यांचं असं का नाही झालं? २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने एक कोटी कमी विजेचे पंखे देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. तुमच्या आमच्या ओळखीत किती जणींच्या घरी तो पंखा आला, विचारून बघा. जीएसटीच्या बदलातही पंखा १८ टक्क्यांवर आहे तिथेच आहे. कर टक्क्यात असतो, त्यामुळे वीज वाचवणाऱ्या महाग पंख्यावर सरकार जास्त रुपये घेतं आणि वीज खाणाऱ्या स्वस्त पंख्यावर कमी. एसी मात्र दहा टक्क्यांनी खाली आला. छत नाही, एसी नाही, पण पत्र्याखाली दिवसरात्र पंखा फिरतोय अशा घराला या सगळ्यातून काय मिळालं?

आणि नुसती सरकारी योजना आणि रुपयांचा हिशेब असून भागत नाही, हेही खरं. सगळ्यात लवकर वसूल होणारी वस्तू कुठली, माहीत आहे? मेन्स्ट्रुअल कप. तीन-चारशेला येतो, नीट काळजी घेतली तर काही वर्षं चालतो. पॅडवर महिन्याला ऐंशी रुपये जात असतील तर पाच महिन्यांत पैसे निघाले. केरळमध्ये आलप्पुळा नगरपालिकेत २०१९ मध्ये पाच हजार कप फुकट वाटले, पण नुसते वाटले नाहीत, आधी बायकांशी बोलून, शिकवून वाटले. २०२२ मध्ये कुंबलंगी गावाने तोच रस्ता धरला. आपल्याकडे मात्र कपाचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, "आमच्याकडे संडास चाळीच्या टोकाला आहे, पाणी बादलीने न्यावं लागतं, तिथे हे कसं जमायचं?" या प्रश्नाला पाच महिन्यांच्या वसुलीचं उत्तर चालत नाही.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींचं सांगते. पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहतात, पाच माणसं. ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार खात्यात येऊ लागले. त्यातले पाचशे त्या गल्लीतल्या भिशीत टाकतात. नंबर लागला तेव्हा हातात पाच हजार आले. मला विचारायला लागल्या, "ताई, काय घेऊ?" मी पोराच्या हिशेबाच्या नादात होते. म्हटलं, "मावशी, तो नवा पंखा घ्या. तुमचा तर दिवसरात्र चालतो. दीड वर्षात पैसे वसूल."

मावशींनी कणकेचा हात झटकला. "अहो ताई, मीटर कुठं आमचा? मालक पंख्याचे दोनशे घेतो महिन्याला, बल्बाचे पन्नास. पंखा कसला का असंना. मग वाचलेले पैसे कुणाचे?"

मी गप्पच बसले. पंधराशे रुपये वाचतील हे खरं, पण ते घरमालकाचे. मावशींनी आपल्या पैशांनी त्याचं बिल कमी करायचं! स्लॅब, स्टार, अनुदान, जीएसटी... इतका वेळ मी जे सगळं तुम्हाला सांगितलं, ते एका सबमीटरच्या अभावी त्या खोलीच्या दारातच थांबतं. आपल्या शहरांत अशा खोल्या किती असतील, तुम्हीच विचार करा. त्यांना वीज वाचवा सांगण्यात अर्थ नाही. खोलीगणिक मीटर असावा आणि मालकाने वीज कंपनीच्या दरापेक्षा जास्त घेऊ नये, एवढं जरी महापालिकेने आणि वीज कंपनीने पाहिलं, तरी पुढचं गणित मावशी माझ्यापेक्षा भराभर करतील.

त्यांनी केलंच की! पाच हजारांतून त्यांनी पाच लिटरचा कुकर घेतला. इतके दिवस डाळ उघड्या पातेल्यात शिजायची. गॅस उज्ज्वलाचा, म्हणजे कनेक्शन मावशींच्याच नावावर, आणि सिलेंडरचे पैसेही त्याच भरतात. पहिला सिलेंडर आठ दिवस जास्त गेला. कॅलेंडरवर खूण करून ठेवली होती, मला दाखवायला मोबाईलवर फोटो काढून आणला होता. उरलेल्या पैशांतून धाकटीच्या शाळेचे बूट आले.

"आणि सकाळी अर्धा तास जास्त झोपते," असं सांगून त्या पुढच्या घरी पोळ्यांना गेल्या.